जमिनीखालचा डबा आणि चार सह्या

कातळवेडा:

मागच्या शनिवारी इंग्लंडमधल्या ब्रिस्टलहून आम्ही चौघं मेंडिपच्या डोंगरात बरिंग्टन कूमला गेलो होतो. दोन्ही कोपरं अजून सोललेली आहेत, उजव्या बरगडीखाली निळा डाग आहे. तो उतरायच्या आत लिहून काढतो, कारण शेवटी मला तुम्हाला एक गोष्ट विचारायची आहे.

ज्यांना जिओकॅशिंग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० ला काढून टाकली आणि साध्या माणसाच्या हातातलं यंत्र एकदम अचूक झालं. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत वही, पेन्सिल, काही वस्तू आणि बीन्सचा एक डबाही होता. सापडली तर वहीत नोंद करायची, एखादी वस्तू घ्यायची, एखादी ठेवायची. तीन दिवसांत दोघांनी ती शोधली. तिथून हा खेळ जगभर गेला. अशा लपवलेल्या डब्याला 'कॅश' म्हणतात, पण तसं म्हटलं की आपल्याकडे रोकड आठवते, म्हणून यापुढे मी डबा म्हणतो.

प्रत्येक डब्याला दोन आकडे असतात, एक शोधायला किती अवघड याचा आणि दुसरा तिथवर पोचायला किती अवघड याचा. दोन्ही १ ते ५. आमच्या डब्याचा दुसरा आकडा ५ होता, म्हणजे खास साधनांशिवाय जाऊ नये. डब्याचं नाव आणि नेमकी जागा लिहीत नाही, पुढच्यांचा शोध बिघडेल. गुहा मात्र सांगतो: गोटचर्च कॅव्हर्न.

जमिनीखाली जीपीएस चालत नाही. उपग्रह वीस हजार किलोमीटर वर, त्यांचा सिग्नल जमिनीवर पोचतो तोच इतका क्षीण असतो की दोन मीटर खडकातूनही आत येत नाही. म्हणून अशा डब्याच्या पानावर फक्त गुहेच्या तोंडाचे अक्षांश-रेखांश असतात. पुढे गुहेचा नकाशा, होकायंत्र आणि आपली अक्कल.

आम्ही चौघं म्हणजे मी, माझा नाशिकचा मित्र (सहा फूट, खांदे दारात अडकतील असे), त्याची बायको म्हणजे आमच्या वहिनी, आणि कोल्हापूरची एक मैत्रीण. वहिनी इथल्या एका केव्हिंग क्लबात सहा वर्षं जाताहेत, त्यामुळे नेतृत्व त्यांचं. निघण्याआधी त्यांनी आमचं सगळं सामान टेबलावर मांडून तपासलं. माणशी तीन दिवे, तिन्ही वेगवेगळे, तिन्ही चालू करून दाखवायचे. सुती कपडा एकही नाही, कारण ओलं सुती अंगातली ऊब ओढून घेतं आणि आत बारा महिने १० अंशांच्या आसपास तापमान असतं. गमबूट, हेल्मेट, कोपरांचे आणि गुडघ्यांचे पॅड, पातळ फ्लीस, वर ओव्हरऑल. घरी एका मैत्रिणीला चिठ्ठी: कुठली गुहा, कोण कोण, आणि संध्याकाळी ५ पर्यंत फोन आला नाही तर ९९९ लावून आधी पोलीस आणि मग केव्ह रेस्क्यू मागायचं. इथे गुहेत अडकलेल्यांना काढायला स्वयंसेवकच येतात. मेंडिपमध्ये हे काम १९३६ पासून चालू आहे.

आणि एक नियम. कोणीही कुठल्याही क्षणी "मी थांबतो" म्हटलं की विषय संपला. का, कशाला, थोडंसंच राहिलंय, असलं काही बोलायचं नाही. गाडीत आम्ही चौघांनी तो मोठ्याने म्हणून कबूल केला.

कूम म्हणजे दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे असलेली अरुंद दरी, मधून गाडीरस्ता. रस्त्याला लागूनच अ‍ॅव्हलाइन्स होल आहे, तिथे आम्ही पाच मिनिटं थांबलो. दहा हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची माणसं त्या गुहेत पुरलेली सापडली, ब्रिटनमधली आजवर माहीत असलेली सर्वांत जुनी दफनभूमी ती. ब्रिस्टल विद्यापीठाच्या गुहा-मंडळाने तिथे उत्खनन केलं होतं, पण १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचं संग्रहालय जळालं आणि बरीचशी हाडं गेली. इतकी वर्षं जमिनीने जपलेलं एका रात्रीत गेलं, हे ऐकून मैत्रीण बराच वेळ गप्प होती.

तिथून ओढ्याच्या बाजूने चढून गुहेच्या तोंडाशी. अकराला आत शिरलो.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला आधी हा दगडच कळत नाही. आपला बेसॉल्ट खरखरीत, बूट धरतो. इथली चुनखडी पाण्याने आणि शंभरेक वर्षांच्या माणसांच्या पार्श्वभागांनी इतकी घासली गेलीय की देवळाच्या उंबरठ्यासारखी चकाकते. 'जायंट्स स्टेअर्स' नावाच्या उतारावर मी पहिल्या मिनिटात दोनदा घसरलो. पुढे मोठमोठ्या धोंड्यांमधल्या फटींतून खाली, मग पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला लावून धुराड्यातून उतरावं तसं, मग पोटावर. दिव्याच्या झोतात भिंतीत बारीक चकत्या दिसतात, शर्टाच्या बटणांएवढ्या. ते समुद्रातल्या क्रिनॉइड नावाच्या प्राण्यांचे देठ, तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे. मी नाक भिंतीला लावून एका समुद्रतळातून सरपटत होतो. हे एरवी वाचलं असतं तर मान डोलावून सोडून दिलं असतं. गालाला त्या चकत्या लागल्यावर ते खरं वाटलं.

तासाभराने 'ड्रेनपाइप'शी पोचलो. नाव नेमकं आहे. दगडातली गोल नळी, पलीकडे एक छोटी पोकळी, तिथून पुढे वाट नाही. गेलात तसंच परत यायचं.

मित्र आधी पुढे झाला. डोकं आणि एक हात आत घातला, खांदे टेकले, थांबला. श्वास सोडला, पुन्हा टेकला. मग मागे सरकून बसला आणि म्हणाला, "मी थांबतो." कबूल करतो, माझ्या जिभेवर "अरे, बघ ना अजून एकदा" आलं होतं. वहिनी फक्त "बरं" म्हणाल्या आणि त्याच्या हातात फॉइलचं ब्लँकेट आणि चॉकलेट दिलं. मैत्रीण लगेच म्हणाली, "मी ह्याच्याजवळ बसते." ती सहज मावली असती, पण अंधारात एकट्याला ठेवायचं नाही हे तिला कोणी सांगावं लागलं नाही.

वहिनी आत गेल्या. त्यांचे बूट दिसेनासे झाले, "ये" असा दबका आवाज आला, मग मी.

एक हात पुढे, एक मागे अंगालगत, म्हणजे खांदे तिरके होतात. मान वळवलेली, कारण सरळ ठेवली तर हेल्मेट वर अडकतं. पिशवी घोट्याला बांधून मागे ओढत. गुडघे वाकवायला जागा नाही, सगळा जोर पायांच्या अंगठ्यांवर. साधारण मध्यावर मी अडकलो. पुढे जाईना, मागेही जाईना. उजव्या बरगडीखाली दगडाचा एक उंचवटा होता. मला घाम फुटला, मी मोठा श्वास घेतला आणि तिथेच चूक झाली, छाती फुगली आणि नळीने मला गच्च धरलं. ढकलायला लागलो तसतसा जास्त अडकत गेलो. वर सगळा मेंडिप माझ्या पाठीवर आहे असं वाटत होतं.

पुढून वहिनींचा आवाज आला, अगदी स्वयंपाकघरातून बोलावं तसा. "ढकलू नकोस. कपाळ दगडावर टेकव. आता श्वास सोड, सगळा सोड, आणि सोडता सोडता एक बोट पुढे." एक बोट. मग थांबून उथळ श्वास. पुन्हा सोडायचा, पुन्हा एक बोट. असे किती झाले मोजले नाहीत. मग बरगडी सुटली.

मागून मित्र दर थोड्या वेळाने माझं नाव घेत होता. एवढंच. मी "हो" म्हणायचो. त्या "हो"साठी जो श्वास सोडावा लागे, त्यानेही मी पुढे सरकत होतो हे मला नंतर कळलं.

डबा सापडला. साधा प्लास्टिकचा, आत दमट झालेली वही आणि पेन्सिलचा तुकडा. मी देवनागरीत चारही नावं लिहिली. चौघांची.

परतीला नळीने मला निम्म्या वेळात सोडलं. मित्राने हात धरून बाहेर ओढलं. तीनला उजेडात आलो, बाहेर नेचे ओले होते आणि इतकं हिरवं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आता प्रश्न. मित्र म्हणतो त्याचं नाव मी लिहायला नको होतं. मी म्हणतो, ते दोघं मागे बसले नसते तर मी त्या नळीत डोकं घातलंच नसतं, मग डबा फक्त दोघांनाच सापडला असं कसं म्हणायचं? तुम्हाला काय वाटतं?

शेवंती:

दोनदा वाचलं. "एक बोट" वाचताना मीही श्वास सोडला. वाचनखूण साठवली.

वाटाड्या:

लेखन आवडलं, पण तुमच्या मित्राशी सहमत. मी गेली नऊ वर्षं हा खेळ खेळतोय. वहीतली सही म्हणजे "माझा हात इथवर पोचला" एवढाच अर्थ. डोंगराच्या पायथ्याशी थांबलेला माणूस शिखरावर गेलो म्हणत नाही. झाडावरच्या डब्यांबाबत हाच वाद सतत होतो, एक चढतो आणि खाली उभे असलेले सहाजण नोंद करतात. मग त्या ५ ला अर्थ काय उरला? त्यांच्या धैर्याला कमी लेखत नाही. थांबतो म्हणणं अवघडच. पण तो वेगळा मान आहे, तो वहीत मावत नाही.

कातळवेडा:

@वाटाड्या, झाडाखालचे सहाजण चढणाऱ्याला धरून नसतात. इथे दोघं मागे होते म्हणून वहिनी "ये" म्हणाल्या. मागे कोणी नसतं तर त्यांनी मला येऊच दिलं नसतं, हे त्यांनीच सांगितलं. मी अडकून राहिलो असतो तर मदत आणायला वर जाणारे तेच दोघं होते, कारण वहिनी माझ्या पलीकडे कोंडल्या गेल्या असत्या. दोरीचं दुसरं टोक ज्याच्या कमरेला आहे तो चढाईचा भाग नाही का?

नाडीपरीक्षा:

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे सह्यांबद्दल नाही, श्वासाबद्दल लिहिते. भीतीने माणूस भराभर आणि छातीच्या वरच्या भागाने श्वास घेतो, फुप्फुसं पूर्ण रिकामी न होता पुन्हा भरतात आणि छाती फुगलेलीच राहते. त्यामुळे अडकलेला माणूस आणखी अडकतो. तुमच्या वहिनींनी आधी कपाळ टेकवायला लावलं ते फार महत्त्वाचं. मानेचे स्नायू सैल झाले की बाकी शरीर मागोमाग सैल होतं.

दुसरं, डोकं खाली करून उतरत्या फटीत कधीही शिरू नका. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत युटामधल्या नटी पटी गुहेत जॉन जोन्स हा २६ वर्षांचा तरुण, स्वतः वैद्यकीय विद्यार्थी, असाच उलटा अडकला. बचावपथक त्याच्यापर्यंत पोचलं होतं, बोलत होतं, तरी सत्तावीस-अठ्ठावीस तासांनी तो गेला. उलट्या शरीरात हृदयाला रक्त वर चढवत राहावं लागतं आणि पोटातले अवयव फुप्फुसांवर येतात. ती गुहा नंतर कायमची बंद केली. तुम्ही उपयोगी नियम सांगितलेत, पण धागा वाचून कोणी दोन मोबाइलचे दिवे घेऊन निघू नये म्हणून हे लिहिलं.

आणि हो, थांबलेल्या माणसांना फॉइल ब्लँकेट दिलं ते योग्यच. १० अंशांत ओल्या कपड्यांनी बसलेला माणूस सरपटणाऱ्यापेक्षा लवकर गारठतो. त्यांची बाजूही सोपी नव्हती.

कृष्णाकाठ:

बचावाचा विषय निघालाच आहे तर. २०१८ मध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक पुराच्या पाण्याने अडकले होते, २३ जूनला आत गेले ते शेवटचा मुलगा १० जुलैला बाहेर आला. सगळ्यांना पाणबुडे आठवतात, आणि आठवायलाच हवेत. पण पाणी उपसायच्या कामात सल्ला द्यायला किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही तिथे गेले होते. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत पंप बनताना बघत मोठे झालेलो आम्ही. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत दुसरा विषय नव्हता. मुलांपर्यंत त्या अभियंत्यांपैकी कोणाचा हात पोचला नसेल. तरी मी तर त्यांचं नाव लिहीन, @वाटाड्या.

वाटाड्या:

@कृष्णाकाठ, याला माझ्याकडे लगेच उत्तर नाही. विचार करतो.

नवखा_भटक्या:

आपल्याकडे असं करता येईल का? पुण्याच्या आसपास लेणी, भुयारं भरपूर आहेत. एखादा डबा मीच ठेवला तर?

रानभूल:

@नवखा_भटक्या, कृपया लेण्यांत ठेवू नका. कार्ले, भाजे, बेडसे ही संरक्षित स्मारकं आहेत, तिथे काही लपवणं, फटीत कोंबणं गुन्ह्यात मोडू शकतं. खेळाचे नियमही जागेच्या मालकाची परवानगी मागतात आणि खणून पुरायला मनाई करतात. किल्ल्यांवरच्या भुयारांचं तर अजून वेगळं. छत कधी ढासळेल सांगता येत नाही, आत हवा खेळती असेलच असं नाही, आणि आग्या मोहोळाचा धोका तुम्हाला माहीतच असेल.

मुळात आपला दख्खन लाव्हाचा. चुनखडीत पावसाचं किंचित आम्ल झालेलं पाणी दगड विरघळवत गुहा कोरतं, बेसॉल्टमध्ये ते होत नाही. आपल्याकडे घळी, कपारी आणि माणसाने छिन्नीने कोरलेली लेणी. म्हणूनच आपल्या भाषेत लेणं आणि घळ हे दोन वेगळे शब्द आहेत.

शिवाय वटवाघळं. दमट गुहेत त्यांच्या विष्ठेची धूळ उडवली तर फुप्फुसांत बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. आणि त्यांना त्रास होतो तो वेगळाच. कातळवेडा, तुम्ही सप्टेंबरात गेलात ते मुद्दाम का?

कातळवेडा:

हो, मुद्दाम. इथे सगळ्या जातींच्या वटवाघळांना आणि त्यांच्या वसतिस्थानांना कायद्याचं संरक्षण आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्च ती शीतनिद्रेत असतात. त्या काळात एकदा जाग आली तरी साठवलेली चरबी जळते आणि वसंतापर्यंत पुरत नाही. त्यामुळे थंडीत वहिनी ती झोपतात तिकडे पाय ठेवत नाहीत. आम्हाला वाटेत एकच दिसलं, अंगठ्याएवढं, छताला टांगलेलं. दिवे खाली करून पुढे गेलो.

शिलाँगवासी:

नोकरीनिमित्त अकरा वर्षं मेघालयात आहे. खऱ्या चुनखडीच्या गुहा बघायच्या तर इकडे या. खासी भाषेत गुहेला 'क्रेम' म्हणतात. जैंतिया टेकड्यांतली क्रेम लियात प्राह तीस किलोमीटरच्याही पुढे मोजली गेली आहे. आणि क्रेम पुरी तर वालुकाश्मातली, चोवीस किलोमीटरांहून लांब, २०१८ मध्ये जगापुढे आली. पण पावसाळ्यात चुकूनही नाही. पलीकडच्या टेकडीवर पाऊस पडतो, तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि आत पाणी चढतं. नोव्हेंबर ते मार्च, स्थानिक वाटाड्या घेऊन आणि गावाची परवानगी काढून. बऱ्याच जागा गावाच्या मालकीच्या आहेत.

आमच्याकडचे वाटाडे आत शिरताना एक माणूस तोंडाशी ठेवतातच, पाण्याचा आवाज ऐकायला. त्याला पैसे आत जाणाऱ्याएवढेच मिळतात. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर त्यात आलं.

गोदाकाठ:

तो मित्र मी. गेले चार दिवस नुसता वाचत होतो.

आधी त्या नळीबद्दल. मला भीती वाटली का, तर हो. पण थांबलो ते त्यासाठी नाही. श्वास पूर्ण सोडल्यावर छाती दोन्ही बाजूंनी दगडाला टेकलेलीच होती. म्हणजे श्वास घ्यायला जागाच नव्हती. ते कळायला दहा सेकंद लागले आणि मग मन एकदम शांत झालं.

ते दोघं गेल्यावर आम्ही बॅटरी वाचवायला एकच दिवा ठेवला, मग तोही बंद केला. असा अंधार मी पूर्वी पाहिला नव्हता. डोळे उघडे आहेत की मिटलेले हे पापण्यांना हात लावून बघावं लागतं. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. मैत्रिणीने कोल्हापूरच्या घराच्या माडीवरचं धान्याचं कोठार सांगितलं, लहानपणी त्यात लपायची ते. मग कातळवेड्याचा आवाज बदलला. शब्द ऐकू येत नव्हते, फक्त घासल्याचा आवाज थांबला. त्याच्या पलीकडे माझी बायको होती. मला जाता येत नव्हतं आणि ओढायला त्याचा पायही हाताला लागत नव्हता. मी दंड खांद्यापर्यंत आत घातला होता. मग मला करता येण्यासारखं एकच होतं, नाव घेणं. फार वेळा घेतलं तर घाबरेल, कमी घेतलं तर एकटा पडेल. मी मनात वीस मोजायचो आणि हाक मारायचो.

वहीत माझं नाव आहे हे मला गाडीत कळलं आणि रागच आला. डबा मला सापडलेला नाही. साइटवर मी 'सापडला' अशी नोंद केलेली नाही, 'टिपण' म्हणून लिहिलं आहे: "तोंडाशी होतो." तेवढं माझ्यासाठी पुरेसं आणि खरं आहे. पण शिलाँगवासींचा प्रतिसाद वाचल्यापासून वहीतलं नाव खोडायला सांगावं असं वाटत नाही. ते राहू दे.

वही दमट झालीय असं तू लिहिलंस. पुढचा जाईल तेव्हा तिचा लगदा झालेला असेल. डबा ठेवणाऱ्याला विचार, चालत असेल तर आपण नवी नेऊ. मी पुन्हा तोंडाशी बसेन.

कातळवेडा:

विचारलं, त्याने आनंदाने हो म्हटलंय. जुनी वही त्याला हवी आहे, फेकायची नाही. पाण्यात न भिजणारा कागद मागवला, बुधवारपर्यंत येईल. ऑक्टोबरचा पहिला शनिवार चालेल का? त्यानंतर वटवाघळं यायला लागतात. मैत्रीण म्हणते, या खेपेला नळीत ती जाणार आणि तुझ्याशेजारी मी बसायचं. वीस मोजायला शिकवून ठेव.